नाव कसं दिसतं तेवढं

“राठोड, माझ्याकडं बघा की,” जळबा म्हणाला. “मी पत्रिकेची नावं सांगून राहिलो अन् तुमी खाली मुंडी घालून बसले. रागावले का काय?”

देविदास राठोड रागावला नव्हता. तो ‘ज्ञानोबा’मधला ‘ज्ञ’ शोधत होता. समोरच्या काचेवर अक्षरं चौकटीचौकटीत मांडलेली होती आणि त्यात ‘ज्ञ’ कुठं दडून बसला होता ते त्या काचेलाच ठाऊक. बोट ठेवावं एकीकडे, उमटावं भलतंच. ‘कै.’ एवढं लिहायला त्याला घाम फुटला होता.

“रागावतो कशाला, जळबाभाऊ? नवं मशीन हाय. वळण पडंस्तोवर थोडी तकलीफ.”

जवळा बाजार गावात लग्नपत्रिका जुळवून देणारी आणखी दुकानं आहेत, पण लोक देविदासकडे यायचे त्याचं कारण वेगळं होतं. तो कधी अक्षरांच्या बटणांकडे बघायचा नाही. बघायचा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. बोटं हिंगोलीच्या टायपिंग क्लासात तयार झालेली. ती आपली खाली खडखडत राहायची आणि हा वर बघून ओळखायचा की एखाद्या काकाचं नाव घेताना माणूस अडखळला. मग हळूच विचारायचा, “बोलणं बंद हाय का? खाली घेऊ की गाळू?” पत्रिकेत एखादा मामा राहिला तर तो मांडवात येऊन जेवत नाही, आणि ते न जेवणं पुढे पोराबाळांच्या लग्नापर्यंत पुरतं. त्यामुळे लोकांचा भरवसा मशीनपेक्षा देविदासच्या नजरेवर जास्त होता.

पण जुना कॉम्प्युटर पोळ्याच्या सुमारास बसला तो उठलाच नाही. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आत पालीची अंडी निघाली, आणि त्याने मान हलवली. मग नांदेडला एका दवाखान्याची लॅब सांभाळणारी त्याची मुलगी पुजा हे नवं मशीन घेऊन आली. पाटीएवढं, बोटानं चालणारं. तिने ते लावून दिलं, बापाच्या क्लासातली अक्षरांची जुनी मांडणी शोधून आत घातली आणि परतीची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी देविदासने झाकण उघडायला जरा जोर लावला आणि मशीनचे दोन तुकडे झाले. काच एका हातात, बटणांची पट्टी दुसऱ्या हातात. लेकीने एवढ्या हौसेनं आणलेलं मशीन बापाने दुसऱ्याच दिवशी मोडलं! त्याने इकडे-तिकडे बघितलं, पट्टी टॉवेलात गुंडाळून टेबलाच्या खणात दडवली, आणि तेव्हापासून तो एका बोटाने काच टोचत बसला होता.

भिंतीवर त्याच्या आईचा, धुरपताबाईचा फोटो होता. तांड्यावरच्या त्या बाईने नवऱ्यामागे उसाच्या फडात कोयता चालवून पोराला त्या क्लासला घातलं होतं. देविदासला आज तिच्याकडे बघवत नव्हतं.

जळबा मात्र खुशीत होता. तो खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडे आला आणि त्याने एक बोट काचेवर टेकवलं. पत्रिका सरसर वर गेली. उलटं ओढलं, खाली आली. “च्यामारी! राठोड, ही तर माझं बराबर ऐकते.” त्याने चार-सहा वेळा वर-खाली करून घेतलं.

“नवरदेवाच्या थोरल्या मामाचं नाव सांगा,” देविदास म्हणाला.

जळबाचं बोट थांबलं. “ते बघा, न्हाई आठवून राहिलं. वहिनीला ठाव. असं करा, कच्चा कागद काढून द्या, घरी तिला इचारून आणतो.”

कागद काढायला छपाईचं यंत्र हवं, आणि त्या जुन्या यंत्राची वायर या नव्या मशीनला बसतच नव्हती. संध्याकाळी तर पत्रिका छापखान्यात पाठवायची. “तुमी व्हा पुढं,” देविदास म्हणाला. “मी मशीनच घेऊन येतो.”

जळबा गेला तसा पुजाचा फोन आला. “जमून राहिलं का, बाबा?”

“न्हाई जमत. पुजा, तुझं मशीन घेऊन जा. मी दुकान बंद करतो,” एवढं म्हणून देविदासने आवाज बारीक केला. “अन् ते माझ्या हातानं मोडलं बी हाय. बटणं निघाली.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला तो थांबेना. “बाबा, मोडलं न्हाई! ते निघतंच. जवळ नेलं की चिकटतं.”

“चिकटतं म्हणजे? गोंदानं?”

“लोहचुंबकानं. अन् दुकान बंद करायचं जळबाकाकाची पत्रिका झाल्यावर बोलू. आज न्हाई.”

लेक बापाचं मन राखायला असं बोलते, हे देविदासला ठाऊक होतं. तरी त्याने खणातली पट्टी काढून काचेसोबत पिशवीत टाकली आणि मोटारसायकल काढली. ही शेवटची पत्रिका, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

जळबाचं घर शिरड शहापूरच्या वाटेवर शेतातच होतं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी सुटलेलं, तूर फुलात आलेली. शकुबाई नुकतीच कापूस वेचून आली होती. जळबाची ही थोरली भावजय. नवरा ज्ञानोबा गेला तेव्हा लेक शिला रांगत होती. आता त्याच शिलाचं लग्न. शकुबाईने ओटीतला कापूस रिकामा केला, हात धुऊन पुसले आणि ती ओसरीवर येऊन बसली.

आजवर देविदासच्या मशीनचं तोंड देविदासकडे आणि पाठ गिऱ्हाइकाकडे असायची. त्यातून घरातली बाईमाणसं दुकानात यायचीच नाहीत. त्यांना पत्रिका दिसायची ती छापून आल्यावर. आज त्याने काच शकुबाईच्या मांडीवरच ठेवली आणि शेजारी बसून वाचून दाखवायला लागला.

“थोरले मामा म्हणजे किसनराव,” ती म्हणाली. “अन् धाकट्या मावसाला एवढं खाली काहून टाकलं? लई मानपानाचा माणूस हाय तो.”

“नावावर बोट दाबून धरा अन् वर ओढा, शकुबाई.”

तिने घाबरत ओढलं. मावसा दोन ओळी वर जाऊन बसला. आत चहा ठेवलेली शिला दारात येऊन हसली. मग तर शकुबाईला नादच लागला. कुठल्या गावची कोण आत्या, कुणाचा जावई नवा, कुणाचं नाव कुणाशेजारी चालत नाही, सगळं तिला तोंडपाठ. ती सांगत गेली, देविदास टोचत गेला, ती ओढत गेली. सगळं गोत जागच्या जागी बसलं. तिने समाधानाने काचेवरून नजर फिरवली.

“अन् माझं कुठं हाय?”

जळबा जमिनीकडे बघायला लागला. तो वाईट माणूस नव्हता. भावामागे त्याने दोन्ही शेतं केली, पुतणीला बारावीपर्यंत शिकवलं. पण पत्रिकेत वर ‘कै. ज्ञानोबा कऱ्हाळे यांची कन्या’ असं होतं, निमंत्रक जळबा होता, आणि नवरा नसलेल्या बाईचं नाव पत्रिकेत घालत नाहीत. त्या भागातल्या कुणी घातलेलं त्याने बघितलं नव्हतं.

“रीत न्हाई, वहिनी,” तो कसाबसा म्हणाला. “दादाचं नाव हाय की वर. त्यात तुमचं आलंच.”

“व्हय, भाऊजी. मला ठाव हाय.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच देविदासला सोसवेना. ती त्याच्याकडे वळली. “भाऊ, एक करता का? टाका अन् लगेच पुसून टाका. लेकीच्या पत्रिकेत माझं नाव कसं दिसतं, तेवढं बघते.”

देविदासला काच टोचायचा धीर झाला नाही. हे नाव चाचपडत लिहायचं नव्हतं. त्याने पिशवीतून पट्टी काढली आणि काचेजवळ नेली. टक्क! पट्टी आपणहून चिकटली. पुजा खरं बोलत होती. बोटं ठेवली तर मधल्या दोन बटणांवरचे बारीक उंचवटे जागच्या जागी लागले, आणि क्लासात शिकलेलं सगळं हातात आलं. त्याने मान वर केली आणि शकुबाईच्या तोंडाकडे बघत टाइप केलं. ‘श्रीमती शकुबाई ज्ञानोबा कऱ्हाळे.’ ‘ज्ञ’ कुठंही शोधावा लागला नाही.

त्याने काच तिच्याकडे फिरवली. शिलाने दोन बोटांनी नाव मोठं करून दाखवलं. शकुबाई बराच वेळ बघत राहिली.

“लांबलचक हाय की,” ती हसून म्हणाली. मग तिने पदराने तोंड पुसलं. “बघितलं. पुसा आता.”

देविदासने पुसलं नाही. त्याने पट्टी काढली आणि नुसती काच जळबापुढे धरली. “पत्रिका तुमची हाय, जळबाभाऊ. नावावर बोट दाबून धरा, मग ह्या टोपलीच्या खुणेवर टेकवा. जाईल.”

जळबाने बोट पुढे केलं. सकाळी पत्रिका सरसर वर-खाली करणारं तेच बोट. ते नावाच्या वर गेलं आणि तिथंच थांबलं. देविदास बाजूला बसला होता. बोट आणि काच यांच्यामध्ये ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट त्याला चांगली दिसत होती. जळबाने हवेतच दोनदा टिचकी मारली.

“चालंना बुवा,” तो म्हणाला. “राबून राबून बोटाला घट्टा पडला माझ्या. काच ऐकून न्हाई राहिली.”

“मी पुसू का?”

“तुमी कशाला? आता उमटलं ते ऱ्हाऊ द्या.” जळबाने बोट मागे घेतलं. “अन् माझ्या खाली नका ठेवू. वर घ्या. थोरली हाय ती.”

“काका, कुणी काही म्हणलं तर?” शिलाने विचारलं.

“म्हणू दे. सांगू, राठोडाचं मशीन नवं हाय, त्याच्यात पुसताच येत न्हाई.”

शकुबाई चहा बघायला म्हणून आत गेली. चहा तर केव्हाचा कपात भरून समोर आला होता. देविदासने तो गटागटा पिऊन टाकला. मोटारसायकलवर बसताना आपल्याला इतका आनंद कशाचा झाला आहे, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

दिवस कलताना तो दुकानात आला आणि पत्रिका छापायला धाडून दिली. पुजाचा फोन आलाच. “मग बाबा, मशीन न्यायला कधी येऊ?”

“मशीन न्यायला नको येऊ,” तो म्हणाला. “मला भेटायला ये. अन् येताना छपाईच्या यंत्राची वायर घेऊन ये. त्याच्यावाचून अडून राहिलं.”

फोन ठेवून त्याने जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड फडक्याने पुसला आणि फळीवर ठेवला. बाहेर बाजार उठत चालला होता. देविदासच्या स्वतःच्या लग्नात चुलता निमंत्रक होता. पत्रिकेवर वर ‘कै. भावसिंग राठोड यांचे चिरंजीव’ होतं. त्यानंतर या दुकानात गावोगावची नावं लिहिली गेली, तांडेच्या तांडे लिहिले गेले.

त्याने पट्टी काचेजवळ नेली. टक्क. नवी कोरी पत्रिका उघडली. मग मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे, आईच्या तोंडाकडे बघत त्याने टाइप केलं, आणि झाल्यावर खाली बघितलं.

श्रीमती धुरपताबाई भावसिंग राठोड.

एकही अक्षर चुकलं नव्हतं.