तपकिरी विरजण

मानवजातीची सारी प्रगती भांड्यांमुळे झाली आहे. आगीचा शोध माणसाने लावला हे खरे. पण त्या आगीवर ठेवायला काहीच नसते, तर माणूस आजही नुसते हात शेकत बसला असता. राज्ये आली आणि गेली, भांडी मात्र चुलीवर राहिली. या थोर परंपरेत मीही माझ्या परीने भर घातली आहे. मी चौदा वर्षे दूध उतू घालवले.

मित्रांनो, मी एक जुनी, दांडीची पातेली आहे. एका कारखान्यात पत्र्याच्या गोल चकतीवर यंत्राचा ठोसा बसला आणि मी जन्मले. त्याच दिवशी माझ्या चारशे बहिणी जन्मल्या, त्यामुळे माझे विशेष कौतुक झाले नाही. माझ्या काठाला एका बाजूला चोच काढलेली होती. ती सगळ्यांनाच होती, पण मला माझीच अधिक डौलदार वाटे. शेवटी एका स्क्रूवर दांडी बसवली. तो स्क्रू पहिल्या दिवसापासून थोडा ढिला होता. त्याविषयी सध्या मी काही बोलत नाही.

मला विकत घेतले ते एका बटणांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंनी. मी त्यांना मालकीणबाई म्हणते. तीस वर्षे त्यांनी बटणाला बटण जुळवून दिले. गिऱ्हाईक एक बटण घेऊन येई आणि मालकीणबाई तीनशे खोक्यांतून त्याचे भाऊबंद शोधून काढत. या नोकरीमुळे त्यांना एक सवय जडली होती. कुठलीही वस्तू एकटी पडलेली त्यांना बघवत नसे. दिसली की उचलायची आणि तिच्यासारख्या वस्तूंत नेऊन ठेवायची. त्यांच्या घरात एकटा चमचा, एकटा मोजा किंवा एकटा बटाटा कधी दिसला नाही.

त्यांचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांना सगळे पेंटर म्हणत आणि मीही म्हणते. आपल्या नजरेला कुठलाही रंग चकवू शकत नाही, असे पेंटर स्वतः सांगत. दुसरे कोणी तसे सांगितल्याचे मी ऐकले नाही.

वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले बंधू राहत. ते दादा. दादांचे सारे आयुष्य गळ टाकण्यात गेले. घरामागून पायवाट निघे, ती थेट तळ्यावर जाई, आणि दादा त्या पायवाटेवर इतके चालले होते की तिथे गवत उगवायचे धाडस करत नसे. ते गळाला रबरी किडा लावत. तो रबराचा नसतो, मऊ प्लास्टिकचा असतो; पण माशांप्रमाणेच माणसांनाही फसायला आवडत असल्याने सगळे त्याला रबरीच म्हणतात. दादांचा किडा ठरलेला होता. तपकिरी रंग, त्यात हिरवी चमकी, लांब वळणदार शेपटी. वहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, मासेमारी मुळीच आवडत नसे. ‘तळ्याशीच लग्न करायचं होतं,’ असे त्या महिन्यातून एकदा तरी म्हणत. पण दरवर्षी त्या किड्यांची पाकिटे आणून मुकाट्याने दादांच्या पिशवीत ठेवणाऱ्याही त्याच.

मग ती पाकिटे मिळायची ते दुकान बंद झाले. त्यानंतर वर्षभराने वहिनीही गेल्या. त्यांनी आणलेल्या शेवटच्या पाकिटातला एकच किडा उरला होता. दादांनी तो गोळ्यांच्या डबीत ठेवला आणि जिना उतरणे सोडले. कारण विचारले तर म्हणत, “हा तळ्यात गेला तर मग काय?” दहा महिन्यांत पायवाटेवर गवत आले.

मित्रांनो, इथून माझ्या आयुष्याला वळण लागले. पेंटरांनी ठरवले की तस्साच किडा घरी बनवायचा. त्यांनी दादांकडून तो एक किडा नमुना म्हणून मागून आणला.

“रविवारी दुपारपर्यंत परत,” दादा म्हणाले. “छोट्या, दुपारपर्यंत म्हणजे दुपारपर्यंत.”

पासष्टाव्या वर्षी छोट्या म्हणवून घेत पेंटर खाली आले आणि सामान जमवायला लागले.

पहिली गरज प्लास्टिकची. ते तळ्याकाठी फुकट मिळते. झुडपांत अडकलेले, माशांनी शेपटी तोडलेले, लोकांनी वैतागून फेकलेले रबरी किडे पेंटर रोज सकाळी पिशवी घेऊन वेचत. फिरायला येणाऱ्यांना वाटले, हे गृहस्थ तळे स्वच्छ करतात. चौघांनी पाठ थोपटली. एका निवृत्त मास्तरांनी छोटेसे भाषणही केले. पेंटरांनी ते मान खाली घालून ऐकले आणि मास्तरांच्या बुटाजवळचा किडा हळूच उचलला.

जुने प्लास्टिक कडक होते, म्हणून ते नरम करणारे तेल हवे होते. ते चपलांचे तळवे ओतणाऱ्या कारखान्यातल्या फोरमनने बाटलीभर दिले. साच्यासाठी प्लॅस्टर दाताच्या डॉक्टरांनी दिले. “घरीच कवळी करताय का?” त्यांनी काळजीने विचारले. “नाही, किडा करायचा आहे,” पेंटर म्हणाले. डॉक्टरांनी आयुष्यभर किडा काढण्याचेच काम केले असल्याने त्यांनी पेंटरांना आधी तोंड उघडायला सांगितले. मीठ स्वयंपाकघरातून आले. बारीक दळून घातले की किडा जड होतो आणि पाण्यात नीट बुडतो. हिरव्या चमकीने मात्र घाम काढला. नाटकांचे कपडे शिवणाऱ्या बाईंकडून आणलेली चमकी पत्र्याच्या झाकणात तापवलेल्या चिमूटभर प्लास्टिकमध्ये पडताच आपला हिरवा रंग सोडून पांढरी पडली. भेटकार्डांच्या दुकानातली जळून आक्रसली. आठवडाभर गाव पालथे घातल्यावर मालकीणबाई म्हणाल्या,

“तुमच्या पलंगाखालच्या ट्रंकेत बघा. सराफाच्या पाटीला लावली होती ती.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“सोमवारी सांगितलं. मंगळवारीही सांगितलं. बुधवारी म्हटलं, आता फिरू दे माणसाला.”

राहिले भांडे. मालकीणबाई बाजारात गेल्या असताना पेंटरांनी मला मांडणीवरून उचलले. त्या परत आल्या तेव्हा मी परसातल्या शेगडीवर होते आणि माझ्या पोटात दुधाऐवजी तुटक्या शेपट्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग यजमानांकडे.

“संपलं. आता हिच्यात दूध कधी तापणार नाही. आणि हे जे काय चाललंय ते उघड्यावरच करायचं, तोंडाला फडकं बांधून. धूर दिसला की शेगडी बंद. पटत असेल तर सांगा.”

पेंटरांना पटले. त्यांनी लगेच ब्रश काढून माझ्या अंगावर लाल अक्षरांत ‘खाण्यासाठी नाही’ असे लिहिले. सवयीने अक्षरांना काळी सावली दिली आणि खाली एक वेलबुट्टीही काढली. मित्रांनो, चौदा वर्षे दूध तापवून मला कोणी विचारले नव्हते. नालायक ठरल्यावर वेलबुट्टी मिळाली.

रविवार उजाडला. मालकीणबाईंनी वेचलेले किडे धुऊन, पुसून, पुरते वाळवून रंगाप्रमाणे बरण्यांत भरले होते. ओलावा राहिला तर गरम प्लास्टिक तडतडून अंगावर उडते. पेंटरांनी तपकिरी बरणी माझ्यात उपडी केली, तेल घातले आणि काडीने ढवळत राहिले. हळूहळू सगळे विरघळून मधासारखे झाले. मग मीठ पडले, चमकी पडली. नमुन्यावरून घेतलेल्या साच्यातला शेपटीजवळचा खडबडीतपणा पेंटरांनी आदल्या दिवशीच घासून गुळगुळीत केला होता. माझ्या चोचीतून साच्यात बारीक धार धरताना पेंटरांचा हात जराही हलला नाही. एकोणीस किडे झाले. मालकीणबाईंनी ते ओळीने मांडले.

“आता नमुना आण. शेजारी ठेवून बघू.”

“कसला नमुना?”

“दादाचा. टेबलावर ठेवला होता.”

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. “टेबलावर एक तपकिरी एकटाच पडला होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तो मी तपकिरीत टाकला.”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी काय बोलणार? तो माझ्या पोटातून कधीच गेला होता.

पेंटरांनी एकोणिसांतला त्यातल्या त्यात बरा निवडला. “हाच तो म्हणून देतो,” ते म्हणाले. “त्याला काय कळतंय.”

“तुम्हाला कळलं नाही,” मालकीणबाई म्हणाल्या, “ओतताना. त्यांना कळेल.”

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. एकेक पायरी थांबत, कठड्याला धरत, दहा महिन्यांनी दादा खाली उतरत होते.

“दुपार झाली,” परसात येऊन ते म्हणाले.

पेंटरांनी निवडलेला किडा त्यांच्या हातावर ठेवला. दादांनी त्याच्या शेपटीवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा.

“माझ्याच्या शेपटीला दात लागलेला होता. हा तो नाही, छोट्या.”

“भाऊजी, चूक माझी,” मालकीणबाई पुढे झाल्या. “मी तो बरणीत टाकला. ह्यांनी बरणी ओतली. तो ह्यातच आहे, सगळ्यांत मिळून.”

दादांनी माझ्या आत वाकून पाहिले. मित्रांनो, माझ्या आत इतका वेळ कोणीच पाहिलेले नाही, दूध उतू जातानासुद्धा नाही. मग ते उलट्या बादलीवर बसले.

“तिने आणलेला शेवटचा होता,” ते म्हणाले.

माझ्या तळाशी उरलेला थर थंड होऊन घट्ट होत होता.

“किती झाले?”

“एकोणीस,” पेंटर म्हणाले.

“म्हणजे एखादा गेला, तरी तिचं सगळं जाणार नाही.”

“नाही जायचं.”

दादांनी किडा खिशात घातला. “माझा गळ माळ्यावर टाकला असशील,” ते म्हणाले. “काढ.”

त्या संध्याकाळी दोघे भाऊ तळ्यावर गेले. पहिल्याच फेकीला किडा शेवाळात अडकून तुटला. दादांनी शांतपणे दुसरा काढून गळाला लावला आणि म्हणाले, “तिला तळं आवडायचं नाही. आता बस म्हणावं तिथेच.” घरी येऊन पेंटरांनी हे तीन वेळा सांगितले, आणि तिन्ही वेळा मालकीणबाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

पेंटरांनी मला त्या दिवशी घासायला घेतले, तेव्हा मालकीणबाईंनीच अडवले. “तळातलं राहू द्या. विरजणासारखं. पुढच्या वेळी त्यातच घाला, म्हणजे वहिनींचा थोडा येत राहील.” तसेच झाले. तुटके किडे परत येत, माझ्यात वितळत, नवे होऊन तळ्यावर जात. नऊ वर्षे हा क्रम चालला आणि एकदाही माझा तळ दिसला नाही. पायवाटेवरचे गवत पुन्हा गेले.

मग एक दिवस दादाही गेले. पेंटरांचे हात थरथरू लागले, धार तुटू लागली. मला परसातल्या फळीवर ठेवले. माझ्यात आधी खिळे राहिले, मग कोळी राहिला. माझ्यावरची अक्षरे उन्हाने उडत गेली. ‘खाण्यासाठी’ अजून ठळक आहे. ‘नाही’ तेवढे पुसले गेले आहे.

परवा सूनबाई फळी आवरत होत्या. सूनबाई मनाने फार चांगल्या आहेत आणि त्यांच्याकडे नवी तारेची घासणी आहे. मला पाहून त्या म्हणाल्या, “अहो बाबा, चांगली जाड आहे की ही. वर लिहिलंयही. घासून दुधाला घेते.” घासणी माझ्या तळाला टेकली. माझी दांडी लटलट कापली. थोडी भीतीने, थोडी स्क्रूमुळे.

पेंटर खुर्चीतून उठले. हल्ली ते सहसा उठत नाहीत. त्यांनी मला सूनबाईंच्या हातून घेतले आणि नखाएवढा तपकिरी थर उजेडात धरला. हिरवी चमकी अजून चमकत होती.

“ही घासायची नाही.”

“का?”

“ह्यात वहिनी आहेत.”

“आणि भाऊजीही,” आतून मालकीणबाई म्हणाल्या.

सूनबाईंनी मला अतिशय सावकाश फळीवर ठेवले आणि दोनदा साबणाने हात धुतले.

तर मित्रांनो, ज्या भांड्यात एकदा प्लास्टिक वितळवले, त्यात पुन्हा खाण्याचे काही करू नका. आणि घरातले एखादे जुने, डागाळलेले भांडे घासायला घ्याल, तेव्हा तो डाग कोणाचा आहे, हे आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ‘नाही’ पुन्हा लिहून देतो, असे पेंटर रोज म्हणतात. ब्रश हातात धरतात, हात थांबायची वाट पाहतात आणि ठेवून देतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझे मागणे अगदी लहान आहे. तो स्क्रू. कोणी जाता-येता जरासा पिळून दिला, तर बरे होईल.