माझ्या पोटावरचे ठोके

मी एक जुना चेलो आहे. मित्रांनो, व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. मी त्याचा थोरला भाऊ. त्याला खांद्यावर घेतात. मला मात्र वादक गुडघ्यांमध्ये उभा धरतो, आणि माझा आवाज कानाआधी त्याच्या छातीत पोचतो. म्हणून मी जरा गर्विष्ठ आहे. या वयात मला कुणी सुधारायला येऊ नये.

एका कारागिराने मला घडवलं. माझं पोट म्हणजे समोरची पातळ लाकडी फळी. ती कडांना जोडताना त्याने मुद्दाम कच्चा सरस, म्हणजे सहज सुटणारा गोंद, वापरला. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि ताण पडतो. अशा वेळी सांधा सुटावा, पण लाकूड फुटू नये. सुटलेला सांधा जाणकार माणूस पुन्हा बसवतो. फुटलेल्या लाकडाचा आवाज मात्र पहिल्यासारखा राहत नाही.

दोन मुलींच्या आईने मला आयुष्यभर वाजवलं. लोकांनी तिचं कौतुक केलं, त्यातलं थोडं माझ्याही वाट्याला आलं. ती गेली तेव्हा थोरली मुलगी परगावी होती. धावतपळत परतली, तर घराला कुलूप; सगळे तोवर अंत्यसंस्काराला गेले होते. बराच वेळ ती दार ठोठावत राहिली, असं शेजारी सांगतात. त्यानंतर मी कपाटाशेजारी धूळ खात पडलो. शेवटी धाकटीनेच मला उचललं आणि वाजवायला घेतलं.

थोरली संगीत लिहायची, पण नव्या वळणाचं. त्यात तारेवर ओरखडे, कुजबुज आणि मधेच लांबलचक शांतता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरीला बरं नसावं.

मग तिच्या हाती एक स्पॅनिश कविता लागली. कुणीतरी बऱ्याच वर्षांनी घरी येतं. आई उरलेली नाही. तो माणूस दार वाजवतो आणि घरालाच विनवतो, "आब्रे, कासा." म्हणजे, उघड रे, घरा. त्या भाषेतले शब्द बहुतेक आ, ओ अशा स्वरावर संपतात, त्यामुळे त्यांच्याखाली माझी तार हवी तितकी लांबवता येते. मला ते आवडलं. पण थोरलीने त्या कवितेवर तीन भागांची रचना केली आणि शेवटच्या भागात लिहिलं, की प्रत्येक ओळीनंतर चेलोच्या पोटावर बोटांच्या पेरांनी जोरात ठोके द्यावेत. ठोकायला मी काय दार आहे? मी मनातल्या मनात फणफणलो. मग ती स्वतः ती कविता म्हणू लागली, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

कार्यक्रमाच्या सकाळी माझा खालचा सांधा थोडा सुटला. तार छेडली की कुरकुर ऐकू यायची. दुरुस्तीवाले बाहेरगावी होते. धाकटी त्यांना फोन लावत बसली, तेवढ्यात थोरलीच्या नवऱ्याने परोपकार उरकून घेतला. भला माणूस! घरातली खुर्ची, नळ, चष्मा, सगळं तो एकाच पक्क्या गोंदाने जोडतो.

"बघ, कुरकुर बंद!" तो खुशीत म्हणाला.

धाकटी फोन ठेवून धावत आली. "भावोजी, हे काय केलंत? आता हा सांधा सुटणारच नाही!"

"अगं, सुटू नये म्हणूनच तर लावला ना!"

सभागृह कोरडं होतं आणि वरून दिवे भाजत होते. मंचामागे धाकटी म्हणाली, "ताई, ठोके गाळू या. पोट फुटेल त्याचं."

"ठोके गाळले तर या गाण्यात उरलं काय?" थोरली म्हणाली. "एकही ठोका कमी होणार नाही."

धाकटीने मला उचललं. मला भीती वाटत होती, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

पहिला भाग निभावला. दुसऱ्या भागात लाकूड आकसू लागलं. सुटायला जागा शोधत होतं, पण गोंद हटेना. एका हळू स्वरावर माझ्या आतून 'कट्' असा आवाज आला. तो दोघींनीच ऐकला. चिकटवलेल्या सांध्यापाशी एक बारीक चीर गेली होती.

तिसरा भाग सुरू झाला. थोरली माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "आब्रे, कासा." आता ठोक्याची पाळी. धाकटीने हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. श्रोते शांतपणे वाट पाहत होते. नव्या वळणाच्या संगीतात शांततेवर कुणी शंका घेत नाही. थोरलीने खाली पाहिलं. चीर वर सरकत होती.

तिने मूठ वळली. मला वाटलं, आता संपलं.

ती मूठ तिने स्वतःच्या छातीवर मारली. "आब्रे, कासा." पुन्हा मारली. तो आवाज बोदा होता, मागच्या रांगेपर्यंत पोचलाही नसेल. धाकटीच्या लगेच ध्यानात आलं. तिने वाजवायचा गज मांडीवर ठेवला आणि ती एका हाताने तारा छेडत दुसऱ्या हाताने खुंट्या थोड्या थोड्या सैल करू लागली. माझ्यावरचा ताण उतरत गेला, तसे माझे स्वरही खाली खाली गेले. ते कुठेच लिहिलेले नव्हते. थोरली रडत होती, पण ओळी सोडत नव्हती. शेवटी तारा इतक्या ढिल्या झाल्या की त्यांना आवाजच उरला नाही. चीर जिथे होती तिथेच थांबली.

टाळ्यांकडे थोरलीचं लक्ष नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, माझ्या पोटावर तिने तळवा ठेवला आणि आई गेल्यापासून जे कुणापाशी बोलली नव्हती ते म्हणाली, "मला उशीर झाला गं."

"माहितीये ताई," धाकटी म्हणाली. "तू वाटेत आहेस, हे आईलाही माहीत होतं."

मित्रांनो, माझी दुरुस्ती झाली. आवाज थोडा बसका झाला आहे, पण मी वाजतो. तुमच्या घरातलं एखादं जुनं वाद्य किंवा जुनं माणूस कुरकुरू लागलं, तर त्याला घाईने गप्प करू नका. जवळ बसा आणि विचारा, कुठे दुखतंय.