आगळाची एक वाटी

माझा आवाज चढला की चाळीतली माणसं दारं लोटून घेतात, हे सगळ्या डोंबिवलीला ठाऊक. घेऊ देत. पण चोपन्न साली मी ओरडत होते ते नवऱ्याला मरू द्यायचं नव्हतं म्हणून.

ह्यांची मूत्रपिंडं बिघडलेली. ठाण्याची कचेरी सुटली, तोंड सुजलं, आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. कोकणी माणसाचं मीठ तोडणं म्हणजे त्याची जीभच तोडणं. अळणी भात पुढे आला की हे आधी ताटाकडे बघत, मग फळीवरच्या आगळाच्या बाटलीकडे. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून मुरवलेला लालकाळा रस. सासूबाईंनी देवगडहून आणलेला. एक वाटी कढी कर गं, नुसती ओठाला लावतो, असं म्हणायचे. मी म्हणायचे, बरे व्हा, घागरभर करते. मला काय हौस होती का? माझाही जीव तीळ तीळ तुटायचा.

एका दुपारी विहिरीवरून पाणी घेऊन आले तर हे ओकलेले, आणि तस्तात सगळं लालकाळं. माझं डोकंच फिरलं. दुसरं काय असणार, आगळच. सासूबाईंवर तोंड टाकलं, वेड्या मायेपायी लेकाचा घात कराल म्हणाले. त्या बिचाऱ्या नाही नाही म्हणत रडायला लागल्या. तेव्हा हे भिंतीला टेकून म्हणाले, "तिला बोलू नकोस. मीच काढून प्यायलो."

मग काय, तस्त मोरीत ओतलं, राखेनं खसाखसा घासलं आणि दिवेलागणीपर्यंत ह्यांना सोडलं नाही. लाज वाटत नाही का, लहान आहात का, सगळं बोलून घेतलं. हे निमूट ऐकत होते. मधूनच हसल्यासारखंही करत होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांना डांबरासारखं काळं शौचाला झालं, तशी मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबलं आणि मला बाहेर नेलं. म्हणाले, ते आगळ नव्हतं, रक्त होतं. लघवीवाटे जायचं विष अंगात साठलंय, त्यानं पोटातून रक्त झिरपतंय. मी विचारलं, विलायतेत रक्त धुवायचं यंत्र निघालंय म्हणतात ना? म्हणाले, निघालंय, पण ह्यांना इथे ते कुठून मिळणार? शिवाय त्यात रक्त गोठू नये म्हणून औषध घालतात, त्यानं असं पोट आणखी वाहतं.

आत येऊन मी बाटली खाली काढली. बुचावरचं मेणसुद्धा फुटलेलं नव्हतं. देवा, अर्धी बाटली रिकामी असती तर! मी जन्मभर आनंदानं भांडले असते हो ह्यांच्याशी.

"खोटं का बोललात?"

"रक्त म्हटलं असतं तर तू गप्प झाली असतीस," हे म्हणाले. "तू ओरडतेस ना, तेव्हा वाटतं, मी अजून बरा होणारा माणूस आहे."

मी उठले. बुचाचं मेण काढलं, नारळाचं दूध पिळलं, कढी केली आणि वाटी ह्यांच्या हातात दिली. किती महिने ह्याच वाटीसाठी हा माणूस झुरत होता. ह्यांनी वाटी ओठांपर्यंत नेली, माझ्याकडे पाहिलं.

"आज ओरडणार नाहीस?"

मला हुंदका आवरेना. ह्यांनी वाटी तशीच खाली ठेवली.