मागं मागं गेलेलं गाणं

आमच्या करडी गावच्या बायकांची दोनच गाणी गाजली. पुढच्या वर्षी भैय्यालाल शेठनं आमची पूर्ण कॅसेट काढली, तिला कोणी विचारलं नाही. त्यात त्यांनी बेंजो घातला, ऑर्गन घातला, आणि आम्हाला एका ओळीत उभं करून हलू दिलं नाही. मग गाणं येणार कुठून? पण त्या पहिल्या दोन गाण्यांनी त्र्याऐंशी साली पोळ्यापासून दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत जी धूम उडवली, ती आठवली की आज सत्तरी ओलांडल्यावरही माझे पाय आपोआप मागे सरायला लागतात.

मागेच का, ते आधी सांगते. धानाची रोवणी वाकून, मागे मागे सरतच करतात. परा, म्हणजे धानाचं रोप, समोर चिखलात खोचायचा आणि एक पाऊल मागे जायचं. पुढे पाऊल टाकलं की आपणच लावलेलं आपणच तुडवणार. गडीमाणसं पऱ्याच्या पेंड्या बांधून आमच्या पाठीमागे फेकत जातात, म्हणजे मागे सरता सरता हाताशी पेंडी सापडते. आणि हे सगळं गाण्यावर चालतं. एक बाई गाणं उचलते, बाकीच्या झेलतात.

आमच्यात गाणं उचलायच्या माझ्या मोठ्या जाऊ, देवकाबाई. अंगानं वाळक्या, पण आवाज असा की पलीकडच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या खाचरातले, बैल कान टवकारत. गाणी त्यांची स्वतःची असायची. काम करता करता जोडायच्या.

भैय्यालाल शेठचं तुमसरला कॅसेटचं आणि भोंग्याचं दुकान. त्या वर्षी करडीत कोणाच्या तरी बारशाला भोंगा लावायला आले होते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाताना आमचं गाणं ऐकलं आणि सायकल तिथंच टाकून उभे राहिले. त्यांच्याकडे एका खडी गंमतीची, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाची, कॅसेट तयार होत होती आणि दुसऱ्या बाजूला शेवटी दोन गाण्यांपुरती जागा उरली होती. ती त्यांनी आम्हाला दिली.

रोवणी आटोपल्याबरोबर आम्ही तुमसरला गेलो. दुकानामागच्या गोदामात भिंतींना पोती टांगलेली, पंखा बंद, मधोमध माईक. आम्ही हात जोडून उभ्या. देवकाबाईंनी गाणं उचललं, पण ते काही उठेना.

शेठ वैतागले. “बाई, मोकळं गा ना! शाळेतल्या प्रार्थनेवानी काय गाऊन राहिल्या?”

आमच्यातली जनाबाई कोणाला भिणारी नव्हती. ती म्हणाली, “शेठ, हे गाणं उभ्यानं नाई निंगत. वाकल्याबिगर गळा कसा फुटीन?”

“मंग वाका ना! कोनं मना केलं?”

झालं! आम्ही पदर खोचले, लुगडी वर घेतली, वाकलो. देवकाबाईंचा आवाज निघाला तसा माझ्या अंगावर काटा आला.

“पऱ्या रे पऱ्या, कोवळ्या पानाच्या,
उपटून आनला, रुसू नको;
या बांधीचं पानी गोड हाय,
मायच्या बांधीले पुसू नको.”

आमचे हात हवेत परे खोचत होते आणि पाय आपलं काम करत होते. आम्हाला कोणालाच कळलं नाही. गाणं संपलं तेव्हा माईक गोदामात आणि आम्ही पार मागच्या दाराबाहेर, ओसरीवर! शेठ डोक्याला हात लावून धावत आले.

“अवो बाई, गानं गेलं कुठं? मशीनमंदी येता येता नाईसंच झालं ना!”

दुसरं गाणं म्हणताना आम्ही सांभाळायचं ठरवलं होतं, पण त्यातही तेच झालं. टेप महाग, पुन्हा भरायला शेठ तयार नव्हते. तशीच कॅसेट बाजारात गेली.

आणि तेच लोकांना आवडलं! गाणं सुरू व्हायचं ते कानाजवळ, आणि मग हळूहळू दूर जायचं, जणू बायका रोवत रोवत पलीकडच्या बांधीत गेल्या. भोंग्याखाली उभी असलेली माणसं माना उंचावून गाणं गेलं त्या दिशेला बघायची. पोळ्याला वाजलं, गणपतीत वाजलं, शारदेच्या मांडवात वाजलं. नाकाडोंगरीहून आलेला एसटीचा ड्रायव्हर करडीच्या थांब्यावर आम्हाला बघून हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचा, “पऱ्या रे पऱ्या!” खडी गंमतीची बाजू कोणी ऐकेचना. मी नवऱ्याचा सदरा धुतानासुद्धा मागे सरत होते, इतकी हवा डोक्यात गेली होती.

देवकाबाईंच्या मनात मात्र एकच होतं. सिहोऱ्याची मंडई.

सिहोरा त्यांचं माहेर. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसभराची जत्राच ती. दुकानं, पाहुणे आणि स्टेजवर खडी गंमत. स्टेजवर बाईचं काम गडीच करायचे, लुगडं नेसून. लहान असताना देवकाबाई एकदा त्या स्टेजवर चढून गायला लागल्या होत्या, तर त्यांच्या मोठ्या भावानं, तेजरामनं, हाताला धरून खाली उतरवलं होतं. आता तेजरामदादाच मंडईचे पुढारी होते.

भाऊबीजेला दादा करडीला आले. देवकाबाईंनी ओवाळलं. दादांनी ताटात लुगडं ठेवलं, हिरवं, लाल काठाचं.

“दादा, लुगडं राहू दे,” देवकाबाई म्हणाल्या. “मले मंडईत गाऊ दे.”

दादा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाही.

“देवका, गानं वाजवू ना तुयं! भैय्यालालचा भोंगा सांगितला हाय. वर तुलाराम नाचीन त्यावर. पण बाईमानूस स्टेजवर? लोकं काय मनतीन मले?”

“भोंग्यातून मी गातो तं चालते, आन तोंडातून गातो तं नाई?”

“तसंच हाय ते,” दादा म्हणाले आणि पाट सोडून उठले. जेवलेसुद्धा घाईघाईत.

तिसऱ्या दिवशी देवकाबाई मला म्हणाल्या, “रुखमा, मंडईले जाऊन राहिलो आपून. पाहायले. जनाबाईले सांग, बायजाबाईले सांग, साऱ्याजनींले सांग.” आणि ते हिरवं लुगडं नेसल्या.

एसटीनं तुमसर, तिथून सिहोरा. मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. जिलेबीच्या कढया, बांगड्यांच्या दुकानांपुढे रांगा, आणि वर भोंग्यातून आमचाच आवाज! जनाबाई प्रत्येक दुकानदाराला सांगत सुटली, “हे आमीच हाओ, बरं का!” एकानं विश्वास ठेवला आणि तिला फुकट जिलेबी दिली. उरलेल्यांनी हसण्यावारी नेलं.

दुपारी स्टेज सुरू झालं. दादा माईकवर उभे राहिले. “आता करडीच्या मशहूर गान्यावर तुलारामचा नाच!” शिट्ट्याच शिट्ट्या! तुलाराम म्हणजे त्या भागातला नावाजलेला नाच्या. नऊवारी, खोटा अंबाडा, पायात चाळ. शेठनं कॅसेट लावली.

तुलाराम झोकात वाकला, रोवणी सुरू केली, आणि ठुमकत ठुमकत आला तो पुढे! नाच्याला प्रेक्षकांकडे यायची सवय. एक परा खोचायचा आणि त्याच्यावरच पाय देत पुढे यायचा. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. माझ्या शेजारून देवकाबाई कधी उठल्या मला कळलंच नाही. कळलं ते त्यांच्या आवाजानं, कारण तो आवाज भोंग्याच्या वर गेला.

“अरे मेल्या, पुढं कुठं येऊन राहिला? आपलाच परा तुडवून राहिला ना!”

सगळी मंडई हसली. तुलाराम कसलेला गडी. कमरेवर हात ठेवून बाईच्या आवाजात म्हणाला, “अवो माय! मीनं तं चूल सोडून काई पाह्यलं नाई जन्मात! तू दाखव मंग, ये वर!”

“ये वर! ये वर!” लोक ओरडायला लागले.

दादांचा चेहरा लाल झाला. “देवका, खाली बस! स्टेजवर येऊ नको, सांगून ठेवतो!”

“स्टेजवर कायले येऊ, दादा?” देवकाबाई म्हणाल्या. “परा मातीत लागते, फळ्यांत नाई.”

शेठ मोठे चतुर. त्यांनी खटकन कॅसेट बंद केली.

एवढी मोठी मंडई, आणि माईक नाही, भोंगा नाही. आवाज नाही पोचला तर? देवकाबाईंनी भावानं दिलेल्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला, स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेत वाकल्या आणि गाणं उचललं.

पोचला! बांगड्यांच्या दुकानापर्यंत पोचला. जनाबाई धावली, मी धावले, बायजाबाई हातातला चिवडा टाकून धावली. आम्ही ओळ धरली आणि झेललं. एक पाऊल मागे, अजून एक मागे. पाठीमागची गर्दी आपोआप दुभंगत गेली. आम्ही दुकानांच्या मधून, पाळण्याजवळून मागे मागे निघालो. गाणं स्टेजपासून दूर जायला लागलं, तसे लोक उठून गाण्यामागे यायला लागले. तुलाराम स्टेजवरून उडी मारून आमच्या ओळीत आला, आणि आता बरोबर मागे सरत होता, चाळ वाजवत! सगळी मंडईच जागा सोडून चालू लागली. दादांसमोर उरला तो माईक आणि रिकाम्या खुर्च्या.

आम्ही कापलेल्या बांधीच्या धुऱ्याशी आलो तेव्हा देवकाबाईंनी दुसरं गाणं उचललं.

“पेंडीवाल्या दादा, फेक ना नीट,
चिखल उडाला, भिजली पाठ;
तुई नजर धुऱ्यावरच्या चहाकडं,
माये हात पाहून राहिले वाट.”

तेवढ्यात गर्दीला वळसा घालून दादा धापा टाकत आमच्या पाठीमागच्या बाजूला आले. मी वाकलेलीच, पायांच्या मधून मला ते उलटे दिसत होते. मला वाटलं, आता देवकाबाईंच्या हाताला धरतात. गाणं म्हणता म्हणता मी देवाचं नाव घेत होते.

दादांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला. घट्ट गुंडाळला, पेंडीसारखा. क्षणभर अंदाज घेतला आणि फेकला. देवकाबाईंच्या पाठीमागे, बरोबर हाताच्या टप्प्यात.

देवकाबाईंनी मान वळवली नाही. मागे सरता सरता डावा हात मागे गेला, दुपट्टा उचलला, पेंडी सोडावी तसा सोडला आणि पुढचा परा खोचला. फक्त गाणं बदललं.

“पेंडीवाल्या दादानं फेकली नीट,” त्यांनी उचललं, आणि या खेपेला ते आमच्याआधी सगळ्या मंडईनं झेललं.