आबांची उघडी भिंत

आबांनी चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या आणि कुठे डाग म्हणून मागे ठेवला नाही. त्यामुळे नातीच्या खोलीत एसीखाली काळी बुरशी उमटली, तेव्हा ते कुणाला विचारायला गेले नाहीत. ब्रश उचलला आणि ऑइलपेंटचा हात मारला. महिन्याभरात डाग परत हजर. आबाही इरेला पेटले आणि असे तीन हात झाले. भिंत नुसती चकचकत होती आणि नात, जिला सगळे चिमणी म्हणत, खोकून खोकून बेजार होत होती.

घरात कुठे ओल आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. सुनेने त्याच दिवशी चिमणीला आपल्या आईकडे पोचवलं आणि खोली कोरडी झाल्याशिवाय आणणार नाही, असं स्पष्ट सांगून टाकलं. चिमणीवाचून आबांना घर खायला उठलं.

मग एसी दुरुस्त करणारी बाई आली. तिने एसी बंद करून पाण्याची नळी सोडवली. नळी गाळाने तुंबली होती, वर तिचा उतारही उलटा होता. पाणी बाहेर पडायचं सोडून महिनोन्‌महिने भिंतीत मुरत होतं. तिने रंगावर बोट दाबलं, तसा तो पचकन आत गेला.

"रंग कुणी दिला हा? हात चांगला आहे, पण ओल आतच कोंडलीय."

सून खिडकी उघडायला वळली. तिला सगळं माहीत होतं, तरी तिने चकार शब्द काढला नाही.

"मीच," आबा म्हणाले. "तीनदा."

बाईने नळी साफ करून उतार सरळ केला आणि पाणी ओतून ते बाहेर पडतंय ना, ते पाहिलं. तेवढ्यात आबा पॉलिश पेपर घेऊन भिंतीला भिडले. तिने त्यांचा हातच धरला.

"काका, कोरडं घासलंत तर ही बुरशी घरभर उडेल. आणि आधी तुमच्याच छातीत जाईल."

चाळीस वर्षं कोरडंच घासत आलेल्या माणसाने तिचं ऐकलं. मास्क, हातमोजे, दार बंद, खिडकी सताड उघडी. पाणी फवारत, ओलं करत पत्र्याने रंग खरवडायचा, मग साबणाच्या पाण्याने पुसायचं. सुनेने ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र करायला घेतलं होतं. त्याचा वायू जिवावर बेतेल म्हणत बाईने दोन्ही बाटल्या बाहेर ठेवायला लावल्या. भुसभुशीत गिलावा आणि भिंतीलगतची भिजलेली उशी पिशवीत घट्ट बांधून टाकून दिली.

रंग कधी द्यायचा, असं आबांनी विचारलं. भिंत आतून वाळेपर्यंत उघडीच ठेवा, असं उत्तर मिळालं.

रंगाऱ्याच्या घरात उघडी भिंत म्हणजे नाक कापल्यासारखंच. शेजारी टोमणे मारून गेले. आबा रोज सकाळी भिंतीला तळहात लावून ओल बघत.

तीन आठवड्यांनी बाई परत आली, भिंत तपासली आणि वाळली म्हणून मान डोलावली. आबांनी तिला हात जोडले. दुसऱ्या दिवशी चिमणी आली आणि दुपारी त्याच खोलीत झोपली. आबा दाराशी स्टुलावर कान देऊन बसले. तास उलटला, एकदाही खोकला नाही. त्यांचे डोळे भरून आले.

सून चहा घेऊन आली.

"त्या दिवशी बाईसमोर तू माझं नाव घेतलं नाहीस," आबा हळूच म्हणाले. "फार उपकार झाले."

"तुम्ही स्वतःच घेतलंत, आबा. म्हणून तर चिमणीला परत आणायचा धीर झाला." ती भिंतीकडे बघून हसली. "आता द्या रंग."

"राहू दे," आबा म्हणाले. "अजून आठ दिवस वाळू दे."