बिनहंगामाची सहल

मित्रांनो, जरा हळू उलगडा मला. मी एक जुना घडीचा नकाशा आहे. माझ्या घड्या आता विरत चालल्या आहेत.

छापखान्यात मी चार रंगांत छापला गेलो. शाईचा वास जायच्या आतच एका बसचालकाने मला विकत घेतले. तो सहलीची बस चालवायचा. तेव्हा हातातले फोन वाटा दाखवत नसत. रस्ता चुकला, की साऱ्या बसची भिस्त माझ्यावर! "हा होता म्हणून पोचलो," असे तो प्रवाशांना सांगायचा, तेव्हा मी कागद असूनही फुगायचो.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. सुट्टीच्या दिवशी ती मशीन बाजूला सारून मला टेबलावर पसरायची. उत्तरेकडच्या एका लहानशा तळ्यावर तिचे बोट ठरलेले. वसंतात तिथले उतार जांभळ्या फुलांनी भरतात, हे तिने नवऱ्याकडूनच ऐकले होते.

"जायचं तर फुलांच्या दिवसांतच," तो म्हणायचा.

पण फुलांचा हंगाम म्हणजे त्याच्या कामाचाही हंगाम. दरवर्षी तो बसभर माणसांना तिथे नेऊन आणायचा, आणि त्या बसमध्ये तिच्यासाठी जागा कधी उरायची नाही. 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणता म्हणता बावीस वर्षे गेली. फोन आले. मी खणात, बटणांच्या डब्याखाली जाऊन पडलो. कसर लागली, तरी कोणी विचारले नाही.

एका थंडीत तो खण उघडला. तिचे गुडघे फार दुखू लागले होते. चढायचे असेल तर आत्ताच, पुढचे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते.

"फुलांना अजून तीन महिने आहेत गं," तो चाचरत म्हणाला. "आत्ता तिथं काय बघशील?"

"फुलं नसली तर नसली. तळं काय थंडीत माहेरी जातं?"

तो हसला आणि दुसऱ्याच दिवशी तिकिटे काढून आला.

बस दुसराच कोणी चालवत होता. मी माझ्या मालकाच्या कोटाच्या खिशात होतो. प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

"अहो, ब्रेक तुमच्याकडे नाही आज. बाहेर बघा," ती म्हणाली.

उतार उघडेबोडके होते. थांबत, बसत, त्याच्या खांद्याचा आधार घेत ती वर चढली. झाडांना पानेच नव्हती, त्यामुळे तळे या काठापासून त्या काठापर्यंत दिसत होते.

"इतक्या वेळा आलो," तो म्हणाला, "पण मी खाली गाडीपाशीच थांबायचो. इथून मीही पहिल्यांदाच बघतोय."

"बरं झालं," ती म्हणाली. "मग दोघंही नवखे."

तिथेच त्याने तिला दाखवायला मला उलगडले, आणि वाऱ्याने मी मधोमध फाटलो. घरी येऊन तिने मला मागून पातळ कापड चिकटवले.

मित्रांनो, मला जुन्या घडीवरच घडी घाला, ओल्या हाताने धरू नका. आणि तुमच्या घरातले कोणी माझ्यावर बोट ठेवून गप्प बसले, तर तिथे ऋतू कोणता चांगला, हे शोधत बसू नका. निघायचे कधी, तेवढे विचारा.