हत्तीच्या पोटातल्या तीन खाचा

आमच्या पाळणाघरात एक नियम होता. कमरेच्या खाली बारीक वस्तू ठेवायची नाही. सुई, बटण, टाचणी, औषधाची गोळी, सगळं फडताळाच्या वरच्या फळीवर. हा नियम मीच केला होता आणि मोडलाही मीच. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. काल जेवले काय ते मला आठवत नाही, पण त्या दुपारी घड्याळात किती वाजले होते ते पाठ आहे.

मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघींनी मिळून ते पाळणाघर काढलं होतं. दोन खोल्या, मागे मोरी आणि तिला लागून छोटंसं अंगण. जाऊबाईंना मुलं झोपवायला जमायचं आणि मला धुवायला. तोंडात जाणारी खेळणी रोजच्या रोज लाल टबात, गरम पाण्यात साबण घालून. लाकडी ठोकळे भिजवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करायचे. आणि ज्याला कवटाळून मूल झोपतं ते बाहुलं किंवा दुपटं वासाच्या साबणाने कधीच धुवायचं नाही. वास बदलला की मूल त्याला ओळखत नाही आणि दुपारभर घर डोक्यावर घेतं. मी तीन-तीनदा पाणी बदलत बसले की जाऊबाई म्हणायच्या, "माझ्या दिराचे सदरे इतक्या मायेने धुतले असतेस तर तो जरा माणसात दिसला असता."

मुलांना आम्ही आमचीच नावं ठेवली होती. घड्याळजींची मुलगी ठमी, अकरा महिन्यांची. टायपिस्टबाईंचा मुलगा बोळक्या, दहा महिन्यांचा; त्याला तेव्हा दोनच दात होते आणि ते दाखवत तो दिवसभर हसायचा. ठमीचा एक कापडी हत्ती होता. तिच्या वडिलांनी त्याच्या पोटात स्वतःच्या हाताने गाणं बसवलं होतं, काडेपेटीएवढा डबा आणि त्यात त्यांच्या घड्याळांच्या दुकानातल्या, बटणासारख्या बॅटऱ्या. पोट दाबलं की हत्ती गायचा. त्या हत्तीशिवाय ठमी डोळा मिटत नसे.

त्या सकाळी ठमी हत्तीवर ओकली. गावात पोटाची साथ होती, दोन मुलं आलीच नव्हती, म्हणून हत्ती संध्याकाळपर्यंत तसाच ठेवणं शक्य नव्हतं. एक वाजता मुलं झोपायची. तोवर तो धुऊन, वाळवून, शिवून तयार हवा होता. मी मोरीत स्टुलावर बसले, पोटाची शिवण उसवली आणि डबा बाहेर काढला, भिजला तर बिघडेल म्हणून. त्याचं झाकण सैल होतं. ते निघालं आणि आतल्या बॅटऱ्या माझ्या तळहातावर पडल्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या, चकचकीत. हाताला साबण होता. मी सगळं एका बरणीच्या पत्र्याच्या झाकणात टाकलं आणि झाकण शेजारी जमिनीवर ठेवलं. मिनिटभरासाठी. तेवढ्यात स्वयंपाकाच्या ओट्यावरचं दूध उतू जायला लागलं म्हणून मी उठले. परत आले आणि हत्ती धुवायला घेतला. किती बॅटऱ्या होत्या ते मी मोजलं नव्हतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी उन्हातून हत्ती आणला. डब्यात बॅटऱ्या बसवायला गेले तर खाचा तीन होत्या आणि झाकणात बॅटऱ्या दोन.

मी मोरीच्या जाळीत बोटं घातली. टब उपडा केला. सतरंज्या झटकल्या, पाळण्यांखाली वाकून पाहिलं, जाऊबाईंना उठवून त्यांचा पदर झाडायला लावला. सापडली नाही. जाऊबाई म्हणाल्या की दोनच असणार, हत्ती आठ दिवसांपासून मुकाच आहे, गाणं कुठे ऐकू येतंय. मला वाटत होतं की काल संध्याकाळी तो गायला होता. की परवा? तिसरी होती की नव्हती हे सांगू शकणारा माणूस एकच. मी घड्याळजींच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. तिथून कळलं की ते कुठल्याशा ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेलेत, तासाभरात येतील.

"मग तासभर थांबू," जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांनाच विचारू. आत्तापासून घरोघर बोंब कशाला? चार वर्षं घासून नाव कमावलंय आपण."

त्या चूक बोलत होत्या असं मला तेव्हा वाटलं नाही. मी आणखी एकदा सतरंजी उचलली, जिथे दोनदा पाहिलं होतं तिथेच.

मग मी मुलांकडे पाहिलं. रांगणारी तिघं होती. तिघांच्या तोंडातून लाळ गळत होती, पण ती रोजच गळायची. बोळक्या मात्र हसत नव्हता. मान ताणून गिळल्यासारखं करत होता. त्याने दूध किती घेतलं, असं मी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या की त्याने बाटली ढकलून दिली, दात येत असतील म्हणून त्यांनी जोर केला नाही. हे बोलतानाच त्यांचा चेहरा उतरला. त्या उठून केळं घेऊन आल्या. केळ्याचा घास दिला की काही असेल ते खाली सरकेल म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला.

मुलांच्या डॉक्टरांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "काही भरवू नका, पाणीसुद्धा नाही, उलटी काढू नका. तो मुलगा लगेच आणा. बाकीच्या दोघांना त्याच्या मागोमाग."

मी टायपिस्टबाईंच्या ऑफिसात निरोप दिला आणि बोळक्याला उचललं. जाऊबाई उरलेल्या आयांना फोन करायला बसल्या. मी दारात असताना त्या म्हणाल्या, "लक्षात आलं तशी निघाले, एवढंच सांग." तेव्हा साडेबारा वाजले होते.

टॅक्सीत बोळक्या रडला नाही, याचीच मला धास्ती वाटत होती. मी त्याची हनुवटी धरून त्याच्याशी बोलत राहिले. त्याच्या गळ्यातून कसलीशी घरघर येत होती आणि माझ्या ब्लाउजचा खांदा लाळेने भिजला होता. प्रत्येक चौकात टॅक्सी थांबत होती. टॅक्सीवाल्याने काय झालंय ते विचारलं, मी सांगितलं, आणि पुढचा चौक त्याने नुसता हॉर्न वाजवत काढला.

एक्स-रेच्या काळ्या कागदावर छातीच्या वर एक पांढरं वर्तुळ होतं आणि त्याच्या आत काठाला लागून दुसरं, बारीक. डॉक्टर त्या आतल्या वर्तुळावर बोट ठेवून म्हणाले, "नाणं असतं तर एकच दिसलं असतं. ही बॅटरी आहे." नर्सने बोळक्याला माझ्या हातातून घेतलं आणि दार लागलं.

टायपिस्टबाई आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना कार्बनचा काळा रंग होता. त्यांनी तो पुसलाही नव्हता. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, तुम्हाला केव्हा कळलं?"

"बारा दहाला."

"आणि निघालात केव्हा?"

"साडेबाराला."

"वीस मिनिटं काय करत होतात?"

जाऊबाईंचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. "शोधत होतो," मी म्हणाले. "आणि तिसरी नव्हतीच अशी मनाची समजूत घालत होतो. झाकण खाली ठेवलं ते मी. तुझ्या मुलाच्या हाताला लागेल असं."

ती उठून पार टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

सव्वादोनला डॉक्टर बाहेर आले. बॅटरी निघाली होती. आत एक जागा भाजली होती, ती भरून येईल, पण काही दिवस नळीने दूध द्यावं लागेल. आणखी दोनेक तास गेले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं, असं ते टायपिस्टबाईंना म्हणाले. मला नाही. उरलेल्या दोन्ही मुलांच्या पोटात काही नव्हतं. तेवढ्यात घड्याळजी जिना चढून धापा टाकत आले आणि आम्हा सगळ्यांना सांगू लागले की तीन होत्या, तीनच होत्या, परवाच नव्या बसवल्या होत्या.

झालं ते मी सगळ्या आयांना स्वतः सांगितलं. त्यांतल्या दोघींनी मुलं काढून घेतली. जाऊबाई माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलल्या.

तीन आठवड्यांनी टायपिस्टबाई सकाळी दारात उभी. कडेवर बोळक्या, वाळलेला, पण दोन्ही दात दिसत होते. तिने त्याला सतरंजीवर सोडलं, दाराजवळची खुर्ची ओढली आणि बसली. तिच्या पायाशी जेवणाचा डबा होता. मी तिच्यासमोर खेळणी धुतली, पुसली, एकेक ओढून पाहिली, मोजून फळीवर ठेवली. ती नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. जाऊबाई तिला चहा द्यायच्या आणि स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायच्या.

चौथ्या दिवशी दहा वाजता ती उठली, पर्स खांद्याला लावली.

"मी निघते," ती म्हणाली. "काहीही झालं तर आधी मला फोन करायचा. शोधाशोध नंतर."

"आधी तुला," मी म्हणाले.

फाटकापर्यंत जाऊन ती एकदा थांबली, पण वळली नाही. तिला नवाची हजेरी होती आणि तिला आधीच उशीर झाला होता.